मेटामटेरियल : रचना ‘पदार्थ’ केव्हा ठरते?

पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथे महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण उभी आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तिच्या ३० तबकड्या जवळून पाहणाऱ्याला एका गोष्टीचे नवल वाटते. या तबकड्यांचा पृष्ठभाग धातूच्या सलग पत्र्याचा नसून पोलादी तारांच्या बारीक जाळीचा आहे. जाळीतून पलीकडचे आभाळ दिसते आणि वारा आरपार वाहतो. परंतु दूरच्या दीर्घिकांतून येणाऱ्या रेडिओ तरंगांना तीच जाळी सलग आरशासारखी परावर्तित करते. याचे कारण साधे आहे. जाळीची छिद्रे १० ते २० मिलिमीटरची आहेत, तर ही दुर्बीण टिपत असलेल्या तरंगांची लांबी सुमारे २१ सेंटिमीटर किंवा त्याहून अधिक असते. एवढ्या लांब तरंगाला छिद्रे स्वतंत्रपणे जाणवत नाहीत. प्राध्यापक गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली साकारलेल्या या रचनेमुळे तबकड्यांचे वजन, त्यांच्यावरील वाऱ्याचा भार आणि खर्च हे सर्व कमी राखता आले.

घरातील मायक्रोवेव्ह ओव्हनच्या दारावरील सच्छिद्र पत्राही याच तत्त्वावर काम करतो. ओव्हनमधील तरंगांची लांबी सुमारे १२ सेंटिमीटर आणि पत्र्याची छिद्रे एक-दोन मिलिमीटरची. म्हणून सूक्ष्मतरंग आत अडतात. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी मात्र मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी असल्याने आतील अन्न आपल्याला दिसते. एकच वस्तू एका तरंगाला अखंड भासते आणि दुसऱ्याला सच्छिद्र. यावरून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो : एकजिनसीपणा हा केवळ वस्तूचा गुण नाही; तो वस्तू आणि तिच्यावर येणारा तरंग यांच्यातील संबंध आहे.

‘मेटामटेरियल’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कृत्रिम विद्युतचुंबकीय पदार्थांचे सारे शास्त्र या निष्कर्षावर उभे आहे. स्पर्धा परीक्षांच्या तयारीत हा शब्द बहुधा ‘अदृश्यतेचे वस्त्र’ अशा आकर्षक वर्णनासह भेटतो. त्यामागचा खरा प्रश्न मात्र मागे पडतो. तांब्याच्या कड्या आणि तारा ओळीने मांडल्या, तर त्या समूहाला ‘पदार्थ’ म्हणण्याचा अधिकार आपल्याला केव्हा प्राप्त होतो? प्रस्तुत लेखात याच प्रश्नाचा विचार केला आहे.

सरासरीमागील भौतिकी

काच अणूंची बनलेली असते आणि अणूंच्या मध्ये रिकामी जागा असते, हे आपण जाणतो. तरीही काचेतून जाणाऱ्या प्रकाशाचा विचार करताना आपण प्रत्येक अणूचा हिशोब मांडत नाही. ‘काचेचा अपवर्तनांक १.५’ एवढे सांगून थांबतो. हे चालते, कारण अणूंमधील अंतर नॅनोमीटरच्या काही दशांशांइतके असते, तर दृश्य प्रकाशाची तरंगलांबी ४०० ते ७०० नॅनोमीटर असते. एका तरंगलांबीत हजाराहून अधिक अणू ओळीने बसतात. तरंगाला जाणवतो तो त्यांचा सामूहिक प्रतिसाद.

हा सामूहिक प्रतिसाद दोन राशींनी व्यक्त केला जातो. विद्युतक्षेत्राला पदार्थ कसा प्रतिसाद देतो हे विद्युत अपार्यता सांगते. तिचे चिन्ह एप्सिलॉन. चुंबकीय क्षेत्राला मिळणारा प्रतिसाद चुंबकीय पार्यता सांगते. तिचे चिन्ह म्यू. अपवर्तनांक या दोहोंच्या गुणाकारावरून ठरतो, तर पृष्ठभागावरून किती तरंग परत फिरेल हे त्यांच्या गुणोत्तरावरून ठरते. जटिल रचनेच्या जागी समान परिणाम देणारे, या दोन राशींनी वर्णन करता येणारे सलग माध्यम कल्पिणे, या प्रक्रियेला एकजिनसीकरण म्हणतात.

ही प्रक्रिया म्हणजे घटकांची साधी सरासरी नव्हे. १९०४ मध्ये मॅक्सवेल गार्नेट यांनी धातूचे सूक्ष्म कण मिसळलेल्या काचांच्या रंगांचे स्पष्टीकरण देताना एक सूत्र मांडले. विद्युतचुंबकीय समीकरणे देणारे जेम्स क्लर्क मॅक्सवेल आणि हे गार्नेट या दोन भिन्न व्यक्ती होत, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे. उत्तम वाहक धातूचे छोटे गोळे हवेत विखुरले असून त्यांनी घनफळाचा ‘भ’ इतका अंश व्यापला आहे असे मानले, तर या सूत्रानुसार मिश्रणाची सापेक्ष विद्युत अपार्यता (१ + २भ) ÷ (१ − भ) इतकी येते. गोळ्यांनी दहा टक्के जागा व्यापली तर उत्तर १.३३ आणि वीस टक्के व्यापली तर १.७५. आदर्श वाहकाची अपार्यता अनंत मानली जाते. साधी सरासरी घेतली असती तर उत्तरही अनंत आले असते. प्रत्येक गोळ्याला बाहेरचे क्षेत्र तर जाणवतेच, शिवाय शेजारच्या गोळ्यांनी निर्माण केलेले क्षेत्रही जाणवते. या स्थानिक क्षेत्राचा हिशोब सूत्रात असल्यामुळेच ते उपयोगी ठरते. गोळे एकमेकांना जवळजवळ टेकू लागले की हा हिशोब अपुरा पडतो आणि सूत्राची मर्यादा संपते.

तागाच्या पेंढीपासून तांब्याच्या कडीपर्यंत

माणसाने घडवलेल्या रचनेतून पदार्थाचा गुण निर्माण करण्याच्या प्रयत्नांत भारताचे स्थान आरंभापासूनचे आहे. कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात काम करणाऱ्या जगदीशचंद्र बोस यांनी १८९८ मध्ये पीळ दिलेल्या तागाच्या पेंढ्यांतून सूक्ष्मतरंग पाठवले. तरंगाच्या कंपनाची दिशा वळलेली आढळली. उजवा पीळ एका बाजूस, तर डावा पीळ विरुद्ध बाजूस दिशा वळवत होता. साखरेच्या द्रावणातून जाणाऱ्या प्रकाशाच्या बाबतीत पीळदार घडणीचे रेणू जे करतात, तेच येथे मोठ्या आकाराच्या कृत्रिम ‘रेणूं’नी लांब तरंगांच्या बाबतीत केले.

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या वर्षांत अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत विन्स्टन कॉक यांनी धातूचे तुकडे नियमित अंतरावर मांडून सूक्ष्मतरंगांसाठी हलकी भिंगे बनवली. सैद्धांतिक बाजूने सोव्हिएत भौतिकशास्त्रज्ञ व्हिक्टर व्हेसेलागो यांनी १९६७ मध्ये एक वेगळाच प्रश्न उपस्थित केला. एप्सिलॉन आणि म्यू या दोन्ही राशी एकाच वेळी ऋण असतील तर काय घडेल? त्यांचे उत्तर असे की अपवर्तनांक ऋण होईल आणि अशा माध्यमात शिरणारा किरण लंबरेषेच्या नेहमीच्या बाजूऐवजी विरुद्ध बाजूस वळेल. असा पदार्थ निसर्गात उपलब्ध नसल्यामुळे ही कल्पना सुमारे तीन दशके कागदावरच राहिली.

ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन पेंड्री यांनी ही कोंडी फोडली. बारीक तारांचे विरळ जालक सूक्ष्मतरंगांना ऋण एप्सिलॉन देऊ शकते, हे त्यांनी आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये दाखवले. १९९९ मध्ये त्यांनी खाच असलेल्या धातूच्या कडीचा विचार पुढे आणला. तांबे हा काही चुंबकीय धातू नव्हे. मात्र बदलते चुंबकीय क्षेत्र कडीतून गेले की तिच्यात प्रवाह फिरू लागतो आणि फिरणारा प्रवाह हा स्वतःच लहानसा चुंबक असतो. कडी प्रवर्तकाचे काम करते, खाच धारित्राचे. दोन्ही मिळून एका विशिष्ट वारंवारितेला अनुस्पंदन घडते आणि त्या वारंवारितेच्या किंचित वर म्यू ऋण होऊ शकतो. घटकात नसलेला गुण रचनेतून निर्माण होतो, हे मेटामटेरियलचे वैशिष्ट्य येथे स्पष्ट दिसते.

२००० मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो येथील डेव्हिड स्मिथ, शेल्डन शुल्ट्झ आणि सहकाऱ्यांनी कड्या व तारा एकत्र मांडून दोन्ही राशी ऋण असलेली रचना साकारली. २००१ मध्ये याच गटाने तिचा लोलक बनवून अपवर्तन प्रत्यक्ष मोजले. १०.५ गिगाहर्ट्‌झ वारंवारितेला अपवर्तनांक उणे २.७ इतका आढळला.

आकड्यांचा इशारा

या प्रयोगातील आकडे विद्यार्थ्यांनी स्वतः मांडून पाहण्याजोगे आहेत. १०.५ गिगाहर्ट्‌झ वारंवारितेच्या तरंगाची हवेतील लांबी सुमारे २८.६ मिलिमीटर असते. रचनेतील एका कोष्ठिकेची लांबी ५ मिलिमीटर होती. म्हणजे एका तरंगलांबीत जेमतेम सहा कोष्ठिका बसत होत्या. काचेतील हजाराहून अधिक अणूंशी याची तुलना केली तर अंतर लक्षात येते.

परंतु एवढ्यावर हिशोब संपत नाही. माध्यमात शिरल्यावर तरंगलांबी अपवर्तनांकाच्या प्रमाणात आखडते. २८.६ ला २.७ ने भागले असता सुमारे १०.६ मिलिमीटर येतात. याचा अर्थ असा की रचनेच्या आत एका तरंगलांबीत केवळ दोनच कोष्ठिका होत्या! एका कोष्ठिकेतून पुढे जाताना तरंगाचे जवळजवळ अर्धे आवर्तन पूर्ण होत होते. बरोबर अर्धे आवर्तन ही ती सीमा होय, जिथे लागोपाठच्या थरांवरून परत फिरणारे तरंग एकमेकांना बळ देतात आणि स्फटिकात क्ष-किरणांचे होते तसे परावर्तन सुरू होते. कोष्ठिका तरंगलांबीच्या दहाव्या भागाहून लहान असावी, असा स्थूल संकेत अभियंते पाळतात. हा संकेत बाहेरच्या तरंगलांबीला लावून भागत नाही. आतील तरंगलांबीलाही तो लावावा लागतो, हा यातील मुख्य धडा आहे.

मग तो प्रयोग चुकला होता काय? तसे नाही. २००३ मध्ये अन्य गटांच्या स्वतंत्र प्रयोगांनीही ऋण अपवर्तनाची पुष्टी केली. एका कोष्ठिकेमागे तरंग किती पुढे सरकतो हे नियमित जालकात नेमके ठरलेले असते. म्हणून अपवर्तनांकाला अशा स्थितीतही अर्थ उरतो. एप्सिलॉन आणि म्यू या स्वतंत्र राशींचा आधार मात्र डळमळीत होतो, कारण त्यांच्यासाठी पृष्ठभागावर काय घडते हेही जाणावे लागते. पृष्ठभागावरील कोष्ठिकेला एका बाजूस शेजारीच नसतो. तिचा प्रतिसाद आतील कोष्ठिकेहून वेगळा असतो. तीन-चार थरांच्याच नमुन्यात पृष्ठभागावरील कोष्ठिकांचे प्रमाण मोठे असल्याने हा फरक दुर्लक्षिता येत नाही.

मोजमापातील सापळे

एखाद्या नमुन्याची एप्सिलॉन आणि म्यू ही मूल्ये थेट मोजता येत नाहीत. नमुन्याच्या सपाट पट्टीवर तरंग सोडून किती परावर्तित झाला आणि किती पलीकडे पोहोचला हे त्यांच्या कलांसह मोजले जाते. नंतर ‘ही पट्टी एकजिनसी असती तर असे निकाल कोणत्या मूल्यांमुळे आले असते?’ असा उलट हिशोब केला जातो. ही पद्धत मेटामटेरियलसाठी २००२ मध्ये स्मिथ, शुल्ट्झ, मार्कोश आणि सुकुलिस यांनी मांडली आणि ती जगभर रूढ झाली.

या पद्धतीत तीन सापळे आहेत. पहिला असा की, कलेवरून पूर्ण आवर्तनांची संख्या कळत नाही. घड्याळाचा काटा पाचावर आहे एवढ्यावरून किती दिवस लोटले हे सांगता येत नाही, तसेच हे आहे. त्यामुळे जाड नमुन्यासाठी अपवर्तनांकाची अनेक उत्तरे निघतात. दुसरा सापळा अधिक सूक्ष्म आहे. जेथे म्यूचे अनुस्पंदन असते, नेमक्या तेथेच एप्सिलॉनच्या आलेखात उलटा हेलकावा दिसतो आणि तिच्या ऊर्जाव्ययदर्शक भागाचे चिन्ह पालटते. जणू बाहेरून कोणतीही शक्ती न घेणारे तांबे तरंगाला ऊर्जा पुरवत आहे! हा नवा भौतिक नियम नव्हे. कोष्ठिका पुरेशी लहान नसताना एकजिनसी प्रतिमान ताणले गेल्याची ती खूण आहे. तिसरा सापळा म्हणजे हिशोब नेहमीच काही तरी उत्तर देतो. नमुना मुळात एकजिनसी माध्यमासारखा वागत नसला, तरीही दोन आकडे हाती येतातच.

म्हणूनच मिळालेल्या मूल्यांची परीक्षा घ्यावी लागते. एक, दोन आणि तीन थरांच्या नमुन्यांतून तीच मूल्ये निघाली पाहिजेत. तरंग सरळ आला किंवा तिरका आला तरी मूल्ये टिकली पाहिजेत. दिशेनुसार गुण बदलणाऱ्या रचनेत निदान त्या दिशाभेदाचा नियम तरी कायम राहिला पाहिजे. परिणाम कारणाच्या आधी घडू शकत नाही, या तत्त्वातून वारंवारितेनुसार होणाऱ्या बदलांवर जी बंधने येतात त्यांचेही पालन झाले पाहिजे. या कसोट्यांना उतरलेली राशीच पदार्थाचा गुण मानता येते. अन्यथा ती केवळ त्या एका नमुन्याची त्या एका प्रयोगातील नोंद ठरते. ॲंटेनाचा आराखडा करणारा अभियंता अशी नोंद गुणधर्म समजून वापरील, तर जाडी बदलताच त्याचे गणित कोसळेल आणि त्यावर झालेला खर्च वाया जाईल.

रचनेला एकजिनसी कसे करावे?

पहिला मार्ग कोष्ठिका लहान करण्याचा आहे. केवळ आकार घटवल्यास अनुस्पंदनाची वारंवारिताही वर सरकते आणि प्रमाण जिथल्या तिथे राहते. त्यामुळे कडीऐवजी अनेक वेढ्यांची चक्री वापरून प्रवर्तकता वाढवली जाते किंवा खाचेत स्वतंत्र धारित्र बसवले जाते. अशा रीतीने लहान कोष्ठिकाही लांब तरंगाला अनुस्पंदित होते. याची किंमत बहुधा वाढत्या ऊर्जाव्ययाच्या रूपाने मोजावी लागते.

दुसरा मार्ग सममितीचा आहे. एका बाजूस खाच असलेल्या कडीत चुंबकीय क्षेत्रामुळे विद्युत प्रतिसादही उद्भवतो आणि दोन्ही राशी एकमेकींत मिसळतात. छापील सर्किट बोर्डाच्या दोन्ही बाजूंना विरुद्ध दिशेने खाचा असलेल्या कड्या समोरासमोर ठेवल्यास हा संकर दबतो आणि दोन राशींचे साधे वर्णन पुन्हा लागू पडते.

तिसरा मार्ग दूरस्थ परिणाम आटोक्यात आणण्याचा. कोष्ठिका लहान असली की सर्व काही साधले, असा समज होण्याची शक्यता आहे. तारांचे जालक तो खोटा ठरवते. लांब अखंड तारेतील एका बिंदूवरचा प्रवाह तेथील क्षेत्रावर तर अवलंबून असतोच. तारेच्या दूरच्या भागांतील क्षेत्राचाही त्यावर परिणाम होतो. अतिशय लांब तरंगांनाही ही अडचण सुटत नाही, हे २००३ मध्ये दाखवले गेले. तारांना ठरावीक अंतरावर धातूच्या लहान चकत्या जोडून हा परिणाम कमी करता येतो, असे पुढील संशोधनातून स्पष्ट झाले.

चौथा मार्ग संयमाचा म्हणावा लागेल. अनुस्पंदनाच्या अगदी शिखराजवळ प्रतिसाद सर्वांत प्रबळ असतो. मात्र तेथेच आतील तरंगलांबी आखडते, ऊर्जाव्यय वाढतो आणि एकजिनसीपणा ढळतो. शिखरापासून थोडे दूर राहिल्यास गुण सौम्य मिळतात, पण ते भरवशाचे असतात. कोणत्याही उपयोजनात या दोहोंतील समतोल साधावा लागतो.

काही वेळा एकजिनसीकरणाचा आग्रह सोडणे हेच योग्य असते. कोष्ठिकांचा एकच थर असलेल्या ‘मेटापृष्ठा’ला जाडी जवळजवळ नसतेच, त्याला एप्सिलॉन आणि म्यू चिकटवणे निरर्थक ठरते. पृष्ठ ओलांडताना तरंगाची कला किती बदलते, एवढेच सांगणे पुरेसे असते. हार्वर्ड विद्यापीठातील फेदेरिको कापासो यांच्या गटाने २०११ मध्ये अशा पृष्ठांसाठी अपवर्तनाच्या नियमाचे व्यापक रूप मांडले. त्यानंतर या क्षेत्राचे लक्ष मोठ्या प्रमाणावर पृष्ठांकडे वळले.

‘अदृश्यता’ आणि भारतीय संशोधन

२००६ मध्ये अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात तांब्याच्या नळकांड्याभोवती दहा समकेंद्री थरांचे आवरण बसवून सूक्ष्मतरंग त्याच्याभोवती वळवण्याचा प्रयोग झाला. वृत्तपत्रांनी त्याला अदृश्यतेचे वस्त्र म्हटले. वास्तविक ते ८.५ गिगाहर्ट्‌झच्या आसपासच्या अरुंद पट्ट्यात, एका प्रतलात आणि अपूर्णपणे साधलेले होते. तरीही त्याचे शास्त्रीय मोल मोठे आहे. प्रत्येक थराचा गुण वेगळा असूनही तो आगाऊ गणिताने ठरवून घडवता आला. एकजिनसीकरणाशिवाय हे अशक्य होते. दृश्य प्रकाशासाठी मोठ्या वस्तू लपवणारे असे आवरण उपलब्ध नाही, हेही स्पष्टपणे नोंदवले पाहिजे.

भारतात या विषयावर दीर्घकाळ काम झाले आहे. कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील प्राध्यापक एस. अनंत रामकृष्ण यांना २०१६ मध्ये भौतिक विज्ञानासाठी शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार लाभला. याच संस्थेने नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘अनालक्ष्य’ ही कापडावर आधारित मेटामटेरियल आवरणप्रणाली सादर केली. येणारे रडार तरंग विस्तृत पट्ट्यात शोषून घेणे हा तिचा हेतू आहे. तरंग परत न फिरता शोषला जावा यासाठी आवरणाचा पृष्ठभाग त्याला मोकळ्या अवकाशासारखाच भासला पाहिजे. रचनेचा सामूहिक प्रतिसाद अचूक घडवणे, हाच येथेही कळीचा मुद्दा आहे. रडार, दूरसंचार आणि ॲंटेना या तिन्ही क्षेत्रांत या ज्ञानाला व्यावहारिक तसेच सामरिक मूल्य आहे.

सारांश असा की मेटामटेरियलचे नावीन्य त्याच्या चमत्कारिक वाटणाऱ्या गुणांपुरते मर्यादित नाही. तांबे, काचतंतूचे फलक, ताग अशा साध्या वस्तूंच्या मांडणीतून नवा गुण उभा राहतो, आणि तो गुण एका ठरावीक तरंगापुरता, ठरावीक मर्यादेतच खरा असतो. उत्तरपत्रिकेत ‘ऋण अपवर्तनांक असलेला पदार्थ’ एवढी व्याख्या लिहून थांबणारा विद्यार्थी अर्धेच सांगतो. कोणत्या तरंगासाठी, किती लहान कोष्ठिकेसाठी आणि कोणत्या कसोटीवर तो ‘पदार्थ’ ठरतो, हे जो लिहील त्याला हा विषय खऱ्या अर्थाने समजला, असे म्हणता येईल. खोडदच्या जाळीकडे पाहताना हीच गोष्ट आठवावी : आपल्याला तीत छिद्रे दिसतात आणि दीर्घिकेतून आलेल्या तरंगाला आरसा, आपापल्या तरंगलांबीच्या मापाने दोन्ही दर्शने खरी आहेत.